एका रोगाची वंशावळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. पण खरे पाहिले तर कुळाची चौकशी केल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. सुगी उरकली की दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांतून हेळवी येतो आणि तुमच्या आजा-पणजाची, खापरपणजाची नावे घडाघडा म्हणून दाखवतो. त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय जुनी चोपडी उघडतात आणि पणजोबा कोणत्या साली येऊन गेले ते काढून देतात. आणि मुलीला एखादे स्थळ सांगून आले, की घरातली वडीलधारी मंडळी हलक्या आवाजात विचारतात, "त्यांच्या घराण्यात काही नाही ना?"

ह्या ‘काही’चा अर्थ विचारणाऱ्याला ठाऊक असतो आणि ऐकणाऱ्यालाही. एखादे दुखणे, एखादे वेड, जे बापाकडून लेकाकडे येते अशी गावात कुजबुज असते. ही कुजबुज कधी खरी असते, कधी साफ खोटी असते. पण खरी असो की खोटी, एका घराच्या अंगणात ती पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसते.

मी इतिहास शिकवणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. तरीही आज तुमच्याशी एका रोगाबद्दल बोलणार आहे. कारण ह्या रोगाचा माग काढता काढता डॉक्टरांना इतिहासकार व्हावे लागले. त्यांतले काही चांगले इतिहासकार झाले, काही वाईट. वाईट इतिहासाने केवढा अनर्थ होतो आणि चांगल्या इतिहासाने काय हाती लागते, हे ह्या एकाच गोष्टीत दिसते.

रोगाचे नाव हंटिंग्टनचा रोग. जुने नाव हंटिंग्टनचा कोरिया. कोरिया हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ नाच. माणूस तिशी-चाळिशीपर्यंत धडधाकट असतो. शेत करतो, संसार करतो, मुलेबाळे होतात. मग हळूहळू हातपाय आपल्या मनाने हलू लागतात. चेहरा वेडावाकडा होतो, चाल झोकांड्या खाते, बोलणे अडखळते. स्वभाव बदलतो, विचार मंदावतो, कधी मन उदासीने भरून जाते. मेंदूच्या आतल्या काही भागांतल्या पेशी मरत जातात, त्याचा हा परिणाम. पंधरा-वीस वर्षांत माणूस पुरता परावलंबी होतो आणि जातो. आई-बापांपैकी एकाला हा रोग असला, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणे उडवावे तशी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. आणि रोग दिसू लागतो तोपर्यंत पुढची पिढी बहुधा जन्माला येऊन गेलेली असते, हीच ह्यातली मोठी क्रूर गोष्ट.

आता अमेरिकेत चला. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला समुद्रात लांबलचक पसरलेले एक बेट आहे, लाँग आयलंड. त्याच्या पूर्व टोकाला ईस्ट हॅम्प्टन नावाचे गाव. वस्ती सतराव्या शतकापासूनची, शेतकऱ्यांची आणि दर्यावर्दी लोकांची. ह्या गावात १७९७ साली एबल हंटिंग्टन नावाचे डॉक्टर येऊन राहिले. त्यांचा मुलगा डॉक्टर झाला. नातू जॉर्ज १८५० साली जन्मला, तोही पुढे डॉक्टर झाला. थोडक्यात, एकाच गावाची नाडी पाहणाऱ्या तीन पिढ्या.

जॉर्ज आठ-नऊ वर्षांचा असेल. वडिलांच्या गाडीत बसून तो रोग्यांच्या घरी निघाला होता. रस्ता झाडीतून जाणारा. अचानक समोर दोन बायका दिसल्या, मायलेकी. दोघी उंच, दोघी अगदी हडकलेल्या. दोघींचे अंग वाकत होते, पिळवटत होते, तोंडे वेडीवाकडी होत होती. मुलगा घाबरला. वडिलांनी मात्र गाडी थांबवली, त्यांच्याशी चार शब्द बोलले आणि पुढे निघाले. हे दृश्य जॉर्ज विसरला नाही. पन्नासएक वर्षांनी, १९०९ साली, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांसमोर बोलताना त्यांनी ही आठवण सांगितली.

शिक्षक बंधुभगिनींनो, एवढ्यावर जरा थांबा. मुलाच्या मनावर जे ठसले ते केवळ त्या बायकांचे हलणे नव्हे. वडिलांनी गाडी थांबवून त्यांची विचारपूस केली, हेही त्यात आले. अ‍ॅलिस वेक्सलर ह्या विदुषीने ईस्ट हॅम्प्टनची जुनी दफ्तरे तपासून २००८ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना असे दिसले, की ज्या घरांत हा रोग होता ती घरे गावात वाळीत टाकलेली नव्हती. त्यांच्या सोयरिकी होत, गावच्या कामकाजात त्यांना मान असे. लोक रोगाचे नाव घेणे टाळत, ‘तो आजार’ एवढेच म्हणत. पण माणसांना टाळत नसत.

१८७२ च्या फेब्रुवारीत जॉर्ज हंटिंग्टन यांनी ओहायो राज्यातल्या एका लहानशा वैद्यक मंडळापुढे कोरियावर निबंध वाचला. वय बावीस पूर्ण नव्हते. एप्रिलमध्ये तो फिलाडेल्फियाच्या एका वैद्यक पत्रात छापून आला. निबंध बहुतांशी मुलांना होणाऱ्या साध्या कोरियाबद्दल होता. अखेरीस थोडक्या मजकुरात त्यांनी लाँग आयलंडच्या ह्या रोगाचे वर्णन केले आणि तीन खुणा सांगितल्या. हा रोग आनुवंशिक आहे. ह्यात वेडाकडे आणि आत्मघाताकडे कल असतो. आणि तो मोठेपणी प्रकट होतो. त्यांनी आणखीही एक बारीक गोष्ट टिपली. एखादा मुलगा ह्या रोगातून सुटला, की त्याची पुढची संततीही सुटली. मधली पिढी सोडून रोग नातवात उगवत नाही.

ह्या रोगाबद्दल आधी कोणी लिहिले नव्हते असे नाही. नॉर्वेत डॉक्टर लुंड यांनी १८६० सालीच असे वर्णन केले होते. पण हंटिंग्टन यांच्या हाताशी आजोबांची आणि वडिलांची निरीक्षणे होती. पाऊणशे वर्षांचा हिशेब! एका माणसाच्या हयातीत तीन पिढ्यांचा रोग पाहून होत नाही. घराण्याचा रोग ओळखायला घराण्याचाच डॉक्टर लागला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम जगाने १९०० साली नव्याने उचलले. हंटिंग्टन यांनी गावात पाहून जे लिहिले ते त्या नियमांत चपखल बसले.

इथवर सारे ठीक होते. पुढे बिघडले.

त्याच लाँग आयलंड बेटावर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९१० साली एक नोंदणी कचेरी सुरू झाली. माणसांची पैदास जनावरांसारखी निवडून सुधारावी, ह्या मताची. तिचे प्रमुख चार्ल्स डेव्हनपोर्ट. त्यांच्या वतीने डॉ. एलिझाबेथ मन्सी ह्या बाई घरोघर हिंडल्या आणि रोग्यांच्या वंशावळ्या जमवल्या. १९१६ साली त्यांचा अहवाल आला. त्यात ९६२ रोग्यांची नोंद होती, आणि निष्कर्ष असा, की जवळजवळ हे सारे सतराव्या शतकात अमेरिकेत आलेल्या अवघ्या पाच-सहा माणसांचे वंशज आहेत. त्यापुढची उडी बघा. त्या पाच-सहांना तेव्हाच बंदरावर अडवले असते तर हा रोग देशात नसता. म्हणून आता तरी अशा घराण्यांना संतती होऊ देऊ नये!

हा विचार अमेरिकेपुरता राहिला नाही. जर्मनीत हिटलरच्या सरकारने १४ जुलै १९३३ रोजी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यात जे रोग नावानिशी घातले, त्यांत हंटिंग्टनचा रोग होता. त्या कायद्याखाली नाना कारणांनी सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. वंशावळीचा कागद आता गुन्ह्याच्या कागदासारखा वापरला जाऊ लागला.

आणि ह्याच सुमारास एक अद्भुत कथा छापली गेली. १९३२ साली कनेक्टिकट राज्यातले मनोरोगतज्ज्ञ व्हेसी यांनी लिहिले, की ह्या रोगाचे मूळ आपल्याला सापडले. इंग्लंडच्या सफोक परगण्यात ब्यूर्स नावाचे खेडे आहे. १६३० साली जॉन विन्थ्रॉप यांच्या गलबतांच्या ताफ्याबरोबर ह्या खेड्याकडची तीन माणसे बायकांसह अमेरिकेत आली. तीच ह्या रोगाची मूळपुरुष मंडळी. एवढेच नव्हे, तर त्यांच्या वंशातल्या काही स्त्रियांवर चेटकिणी म्हणून खटले झाले, कारण त्यांचे अंग हलत असे!

कथा ऐकायला छान आहे. तीनशे वर्षे, समुद्रप्रवास, चेटकिणी, शाप. ती हातोहात खपली. लंडनचे नामांकित मेंदूतज्ज्ञ क्रिचली यांनी १९३४ साली तिला दुजोरा दिला. मग पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढची तीस-चाळीस वर्षे वैद्यकाचे विद्यार्थी ती पाठ करीत राहिले.

आमचे इतिहासाचार्य राजवाडे बखरींवर विसंबायला तयार नसत. अस्सल कागद दाखवा, मिती दाखवा, असे विचारीत. व्हेसी यांना हे विचारणारे कोणी १९६९ पर्यंत भेटले नाही. त्या साली आणि पुन्हा १९७५ साली संशोधकांनी मूळ नोंदी काढून ही वंशावळ तपासली, तेव्हा ती जागोजाग उसवली. ज्या स्त्रियांवर चेटकाचे आरोप झाले होते, त्यांचे ह्या रोगी घराण्यांशी नाते कागदांवरून सिद्ध होईना. व्हेसी यांनी नावे बदलून लिहिल्यामुळे दुसऱ्या कोणाला ताळा पाहणेही अवघड झाले होते. आधी रोगी माणसे घ्यायची, मग मागे जात जात जुळेल ते आडनाव धरायचे आणि अखेर एखाद्या बदनाम माणसापाशी पोचायचे, ही काही इतिहासाची रीत नव्हे. हेळवीसुद्धा आपली वंशावळ वरून खाली म्हणतो.

पण एक विचार करा. ही कथा खोटी ठरेपर्यंत कितीतरी घरांतल्या मुलांनी ती आपल्या कुळाची कथा म्हणून वाचली असेल. रोग होताच, त्यावर आता चेटकिणीचे कूळ म्हणून डाग. ज्या गावात पूर्वी डॉक्टर गाडी थांबवून बोलत होते, त्या समाजात लोक रोग लपवू लागले. लपवलेल्या रोगाचा अभ्यास कसा व्हावा?

आता दक्षिण अमेरिकेत येऊ. व्हेनेझुएला देशात माराकाइबो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठी कोळ्यांची खेडी. लागुनेता येथे तर घरे पाण्यातच खांबांवर उभी. १९५० नंतरच्या काळात अमेरिको नेग्रेते नावाचे तरुण डॉक्टर तिथल्या सान लुईस वस्तीत कामाला आले. त्यांना रस्त्यात माणसे झोकांड्या खाताना दिसली. वाटले, सकाळीच दारू प्यायली आहे. लोकांनी सांगितले, ही दारू नव्हे, हा ‘माल’ आहे. त्यांच्या स्पॅनिश भाषेत माल म्हणजे पीडा. नेग्रेते यांनी घरोघर चौकशी केली, आणि हा हंटिंग्टनचा रोग आहे असे १९५५ साली जाहीर केले. १९६३ साली त्यावर पुस्तकही लिहिले. एका ठिकाणी इतके रोगी जगात दुसरीकडे माहीत नव्हते.

१९७२ साली हंटिंग्टन यांच्या निबंधाला शंभर वर्षे झाली म्हणून ओहायोत परिषद भरली. तिथे व्हेनेझुएलाच्या एका डॉक्टरांनी ह्या खेड्यांचा चित्रपट दाखवला. प्रेक्षकांत नॅन्सी वेक्सलर नावाची तरुणी होती. वर जिच्या पुस्तकाचा उल्लेख केला त्या अ‍ॅलिसची ही धाकटी बहीण. १९६८ साली त्यांच्या आईला हाच रोग असल्याचे कळले होते. म्हणजे दोघी बहिणींच्या डोक्यावर तेच उडवलेले नाणे. वडिलांनी हातपाय न गाळता संशोधनासाठी एक संस्था उभारली होती.

नॅन्सी १९७९ साली माराकाइबोला गेल्या आणि १९८१ पासून दरवर्षी डॉक्टरांचे पथक घेऊन जाऊ लागल्या. हे काम वीसहून अधिक वर्षे चालले. त्यांनीही वंशावळच जमवली. कोण कोणाचा मुलगा, कोणाला रोग, कोण सुटला. पण विचारण्याची तऱ्हा निराळी. लोक रक्त द्यायला, कातडीचा बारीक तुकडा द्यायला कचरत. तेव्हा कोणी विचारले, ही परकी बाई आमच्याकडून घेते, स्वतः देते का? पथकातल्या परिचारिकेने नॅन्सींचा दंड धरून सर्वांना दाखवला. तिथे तीच खूण होती. ह्या बाईच्या आईलाही हाच रोग होता, हे कळल्यावर लोकांचा धीर वाढला. चार हजारांवर माणसांनी रक्त दिले. दहा पिढ्या आणि अठरा हजारांहून अधिक माणसे एवढी ती वंशावळ वाढली.

ती वंशावळ वर चढत चढत एका बाईपाशी पोचते. नाव मारिया कोन्सेप्सियोन, काळ एकोणिसाव्या शतकाचा आरंभ. तिच्या मागची हकीकत म्हणून तिथले लोक युरोपातून आलेल्या एका खलाशाची कथा सांगतात. पण ह्या वेळी अभ्यासकांनी कथेला कथेच्या जागी ठेवले. त्यांना मूळ बाई शोधून तिला नावे ठेवायची नव्हती. रोगी आणि निरोगी भावंडांच्या रक्तात फरक कुठे आहे, हे त्यांना पाहायचे होते.

आणि ते सापडले. १९८३ साली बोस्टनमध्ये जेम्स गसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हा दोष माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर आहे. आणखी दहा वर्षांनी, १९९३ साली, सहा संशोधक गटांनी मिळून ते जनुकच नेमके हुडकले.

हा दोष काय आहे, ते सोप्या दाखल्याने सांगतो. पूर्वी पोथ्या हाताने उतरून घेत. एखाद्या ओळीत ‘राम राम राम राम’ असे बरेचदा आले, की लेखनिकाचा डोळा चुकतो आणि नकलेत दोन ‘राम’ जास्त पडतात. त्या नकलेवरून दुसरी नक्कल करणारा आणखी चार वाढवतो. आपल्या जनुकाच्या लिखाणातही सी-ए-जी ही तीन अक्षरे एके ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. सव्वीस वेळांपर्यंत आली तर काही बिघडत नाही. चाळीस किंवा अधिक वेळा आली, की रोग येणारच. छत्तीस ते एकोणचाळीस झाली तर येईल किंवा न येईल. आणि सत्तावीस ते पस्तीस असलेला माणूस स्वतः धडधाकट राहतो; पण त्याच्या मुलात नक्कल उतरताना, विशेषतः बापाकडून उतरताना, आकडा वाढून हद्द ओलांडू शकतो.

आता मूळपुरुषाचा प्रश्न पुन्हा हाती घ्या. ही चूक एकदाच, एकाच माणसात झाली असे नाही. निरनिराळ्या देशांतल्या रोग्यांच्या जनुकाभोवतालचा मजकूर ताडून पाहिला, तेव्हा दिसले की ती निरनिराळ्या घराण्यांत वेगवेगळी झालेली आहे, आणि आजही नवी होऊ शकते. माराकाइबोच्या नदीला एक उगम सापडला, तो खरा. पण जगातल्या साऱ्या नद्या ब्यूर्स गावातून निघालेल्या नाहीत. व्हेसी यांचे उत्तर तर चुकलेच, पण सगळ्यांचा एकच मूळपुरुष असला पाहिजे हा त्यांचा प्रश्नही चुकला होता. लाखो माणसांच्या जनुकात अक्षरे थोडी जास्त असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. ह्यात पाप कोणाचे आणि शाप कोणाचा?

पुढचे थोडक्यात सांगतो. दोष सापडला तरी रोग मुळातून बरा करणारा उपाय अजून सर्वसामान्यांच्या हाती आलेला नाही. अंगाची हालचाल कमी करणारी आणि मन शांत ठेवणारी औषधे आहेत. माराकाइबोच्या कोळ्यांनी रक्त दिले म्हणून जगाला जनुक कळले; ते स्वतः मात्र गरीबच राहिले. रुग्णांसाठी १९९९ साली तिथे एक निवासगृह उघडले होते, तेही पुढे बंद पडले. १८ मे २०१७ रोजी ह्यांतली काही कुटुंबे रोममध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटली. ह्यापुढे लपवणे नाही, हे त्या मेळाव्याचे घोषवाक्य होते. नॅन्सी वेक्सलर यांनी २०२० साली जाहीर केले, की आपल्यालाही आईचाच रोग आहे.

हा रोग आपल्या देशातही आहे. युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा प्रमाण कमी, पण आहे. म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. तुमच्या गावात एखादा मध्यम वयाचा माणूस झोकांड्या खात चालत असेल, हातवारे करीत असेल, आणि त्याच्या आईचे किंवा बापाचेही असेच झाले असेल, तर दारुडा म्हणून हसू नका आणि करणी, भानामती म्हणून देवऋषाकडे नेऊ नका. आपल्या राज्यात जादूटोण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तो अशाच दुःखांसाठी आहे. त्याला जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात, मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवा. रक्ताची तपासणी निघाली आहे. पण ती ज्याची त्याने, मोठेपणी, समजून-उमजून, सल्ला घेऊन करायची असते. दुसऱ्याने, सोयरीक जुळवण्याआधी जबरदस्तीने करवून घ्यायची नसते, आणि धडधाकट पोराची तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. मुलांना घराण्याची वंशावळ लिहायला जरूर सांगा. आजीला विचारा, चोपड्या बघा म्हणावे. त्यात कोणाचे दुखणे आले तर तेही लिहू द्या. डॉक्टरला ते कामाला येईल. मात्र वर्गात ती वाचून दाखवताना ज्या नावापुढे दुखणे लिहिले असेल त्या नावावर कोणी बोट ठेवू लागले, तर लाँग आयलंडच्या रस्त्यावर गाडी थांबवून दोन शब्द बोलणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांची गोष्ट मुलांना सांगा.